नकाशातली तुटक रेघ

सकाळच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की भाडेकरूंनी न विचारता आप्पांचा ओटा फोडला. ते चूक आहे. त्यांनी करारातच विचारलं होतं, अर्थ मी चुकीचा सांगितला होता.

कळंबच्या आमच्या दुकानात माझे वडील, आप्पा, शिवणकाम करायचे. नजर अधू झाल्यावर त्यांनी जागा एका विमा कार्यालयाला भाड्यानं दिली. करारातला शब्द न् शब्द मी त्यांना वाचून दाखवला. शेवटी नकाशा होता. त्यात दगडी ओट्याभोवती तुटक रेघ होती. "तिथं टेबल येईल," असं मी अंदाजानं सांगितलं आणि आप्पांनी सही केली.

त्याच ओट्यावर कापडाच्या खडूनं त्यांनी मला मुळाक्षरं शिकवली होती.

आज दुपारी दुकानात भाडेकरूंच्या बांधकामाच्या सुपरवायझरनं तोच नकाशा पुढं धरला. "काका, तुटक रेघ म्हणजे पाडायचं बांधकाम. खाली सही तुमचीच हाय."

"माझ्या पोरीनं वाचलंय," आप्पा म्हणाले. "तिच्याकडनं काय सुटत न्हाय. रेघ तुमीच मागनं मारली आसंल."

मजूर हसले. मी आप्पांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं. घरी येताना आप्पाच माझी समजूत काढत होते.

तुम्ही तिथंच बोलला असता का? मला जमलं नाही. विमा कार्यालयाचे सोलापूरचे इंजिनिअर काम बघायला येतील तेव्हा, त्याच माणसांसमोर, रेघ आधीपासून होती हे मी आप्पांना सांगणार आहे. परवा, गुरुवारी, सकाळी दहाला.