डावी हासळी

भुजंगराव डॉक्टरांकडे मनुष्यदेहाचा पहिला धडा घ्यायला जो कोणी गेला, त्याच्यापुढे त्यांनी आधी ग्रंथ उघडला नाही आणि हाडांची पेटीही उघडली नाही. ते सदऱ्याच्या वरच्या गुंड्या सोडत, विद्यार्थ्याचे बोट धरत आणि स्वतःच्या गळ्याखाली, डाव्या बाजूला, हासळीच्या हाडावर नेऊन ठेवत. "हे हाड पेटीत न्हाई," ते म्हणत. "हे माझ्याजवळ हाय. हितून निघ अन् खांद्यापर्यंत चालत जा. डोळे मीट. घाई करू नको." मी डोळे मिटले. छातीच्या वरच्या खाचेपासून निघालेले ते हाड आधी पुढे फुगत गेले, मग मागे वळले, आणि त्या वळणावर, सुपारीएवढ्या एका गाठीवर, माझे बोट अडखळले. बोटाखाली एक जिवंत माणूस श्वास घेत होता. शरीरशास्त्र हे मेलेल्यांचे शास्त्र आहे असे ज्यांना वाटते, त्यांचा पहिला धडा चुकीच्या घरी झाला असे मी समजतो.

हे लिहिण्याचे कारण सांगितले पाहिजे. डॉक्टरांच्या स्मरणार्थ हिंगोलीत मध्यंतरी एक सभा झाली. त्यांचे पुतणे विनायकराव, जे माझे सहाध्यायी आणि आता नावाजलेले शल्यचिकित्सक आहेत, त्यांनी तेथे भाषण केले. काकांची हासळी घोड्यावरून पडल्याने मोडली, पेटीतली हासळी कंपाउंडरच्या हलगर्जीपणाने हरवली, आणि काकांच्या चितेच्या राखेतून त्यांची ती प्रसिद्ध गाठ "आमच्या एका मित्राने आठवण म्हणून खिशात घातली," असे ते म्हणाले. लोक हसले. तो मित्र म्हणजे मी. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. उठून उत्तर द्यावे असे मनात आले होते. परंतु हशा पिकलेल्या सभेत खरे बोलणे हा खऱ्याचाच अपमान असतो, म्हणून गप्प राहिलो. आता लिहितो. विनायकरावांची तिन्ही विधाने खोटी आहेत.

भुजंगराव हैद्राबादेत शिकले आणि कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यात नेमले गेले. तेथे त्यांची उमेदीची वर्षे गेली. पत्नी लवकर वारली, मूलबाळ नव्हते. पुढे हिंगोलीत स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला. अंगाने किरकोळ, आवाजाने जड, आणि बोलणे अस्सल इकडचे. हैद्राबादी शिक्षणाने त्यांच्या जिभेवर उर्दू आणली होती, पण गावची भाषा तिने पुसली नव्हती. कोणी शुद्ध बोलण्याचा आग्रह धरलाच तर म्हणत, "दुखणं शुद्ध भाषेत सांगणारा आजारी मी अजून पाह्यला न्हाई."

शिकत असताना घेतलेली हाडांची पेटी त्यांनी जन्मभर जवळ ठेवली. हाडे हैद्राबादच्या रुग्णालयात मेलेल्या कुणा बेवारस पुरुषाची होती. तीस-पस्तिशीचा असावा, एवढेच डॉक्टर सांगत. डॉक्टरांनी ती मसणवटीतून उकरून आणली असे बाजारात बोलले जाई. पेटीला हात लावणाऱ्याला एक नियम होता. झाकण उघडताच आपले पूर्ण नाव, बापाचे नाव आणि गाव मोठ्याने सांगायचे. विनायक पहिल्यांदा नाव सांगताना फिसकन हसला, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या हातातले मांडीचे हाड काढून घेतले. म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात शिरताना कोण आलं ते सांगत न्हाई का? ह्याला सोताचं नाव उरलं न्हाई. निदान त्याच्या घरात कोण हिंडून राहिलं ते तरी त्याला कळू दे." संध्याकाळचा उजेड उतरत असताना त्या खोलीत आपलेच नाव आपल्याच तोंडून ऐकले, की वाटे, आता पेटीतून कुणीतरी उलट नाव सांगेल. ते कधी आले नाही. न येण्याचीच भीती अधिक होती.

सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे हाडे शिकलो आणि परीक्षेस हैद्राबादेस गेलो. तोंडी परीक्षेत मौलवीसारखी दाढी राखलेले एक वृद्ध परीक्षक होते. त्यांनी हासळीचे वर्णन विचारले. मी दोन्ही टोके, दोन्ही वळणे बिनचूक सांगितली आणि वळणावरची गाठही आत्मविश्वासाने सांगितली. परीक्षकांनी चष्मा काढला. "मियाँ, ये गाँठ किस किताब में है?" ते माझ्याकडे पाहत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "आप भी हिंगोली के हैं?" माझ्या आधी विनायकानेही तीच गाठ सांगितली होती, आणि त्याच्याही आधीच्या वर्षी भुजंगरावांच्याच कुणा विद्यार्थ्याने. आम्ही सारे एकाच माणसाचे अंग पाठ करून गेलो होतो. या चुकीने आम्ही दोघे नापास झालो असेही विनायकरावांनी सभेत सांगितले. तो नापास झाला. मी उत्तीर्ण झालो.

परत आल्यावर मी डॉक्टरांवर रागावलो. ती गाठ तुमची एकट्याची आहे हे आम्हाला सांगायला हवे होते, असे म्हणालो. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "माणसाच्या अंगावर गाठ लागली तर आधी त्याला इचारावं, बाबा, ही कवाची. तू इचारलंच न्हाईस. पाठ करून राहिला." मी लगेच विचारले, ही कधीची? त्यांनी सदऱ्याच्या गुंड्या लावल्या. "मोडलेलं हाड जुळतं, पण विसरत न्हाई," एवढे बोलून ते बाहेर ताटकळलेल्या रोग्यांकडे निघून गेले. हे वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असे. त्याचा जन्म कुठे झाला हे मला पुष्कळ उशिरा कळले.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात मी हैद्राबादेहून घरी आलो होतो. रझाकारांच्या धास्तीने हिंगोली अर्धी रिकामी झाली होती. ज्यांना जमले ते सरहद्द ओलांडून वाशिमकडे गेले; विनायकही घरच्यांसह गेला. त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. परंतु जो तेथे नव्हता त्याने तेथले सांगू नये. डॉक्टर गेले नाहीत. त्यांचा कंपाउंडर गफूरभाई हाही कुठे गेला नाही. दोन्ही बाजूंचे लोक त्याला दटावीत, आणि तो रोज दवाखाना झाडून उघडी.

त्याच दिवसांत डॉक्टरांच्या छातीत ताप उतरला. अंगावरचे मांस गळाले आणि हासळ्या पाण्याबाहेर आलेल्या मुळांसारख्या वर आल्या. मी शेजारी बसलो असता एका दुपारी त्यांनी माझे बोट धरून पुन्हा त्या हाडावर ठेवले. "बघ, आता शिकायला किती सोपी झाली," म्हणाले. मग पेटी माझ्या स्वाधीन केली. शिकायला येईल त्याला नाव सांगायला लाव, असे बजावले. डावी हासळी कुठे गेली म्हणून कुणी विचारले तर काय सांगू, असे मी म्हणालो. त्यांना बोलायला दम पुरत नव्हता. "ते त्या बाईला ठाऊक हाय," एवढेच बोलले. कोण बाई, हे विचारीपर्यंत त्यांनी डोळे मिटले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. पुतण्या सरहद्दीपलीकडे होता. अग्नी मी दिला.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला कयाधू नदीकाठी आम्ही दोघेच होतो, मी आणि मडके धरून उभा असलेला गफूरभाई. बारीक हाडे आगीत टिकत नाहीत, हे मी शिकलेलो होतो. तरीही राखेत बोटे घातली आणि ती हासळी लागली. दोन्ही टोके गळून गेली होती. पण मोडून जुळल्या जागी हाड दाट होते म्हणून ती गाठ शाबूत होती, पांढरीफटक. मी सवयीने डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवले. या वेळी बोटाखाली कुणी श्वास घेत नव्हते.

डोळे उघडले तेव्हा समोर डोक्यावरून पदर घेतलेली एक उतारवयाची बाई उभी होती. मी तिला कधी पाहिले नव्हते. गफूरभाईने मात्र "या, गिरजाबाई," असे म्हणत तिला वाट करून दिली. तिने माझ्यापुढे ओंजळ धरली. "ती गाठ मला द्या, दादा. ती आमच्या घरची हाय."

शोकाने हिचे चित्त फिरले असावे असे मला वाटले. तेव्हा त्या दोघांनी मिळून, एकाने सोडलेले दुसऱ्याने उचलीत, मला जे सांगितले ते असे.

गिरजाबाई कळमनुरीजवळच्या एका खेड्यातली. तिचा नवरा मजुरीला हैद्राबादेस गेला आणि तेथल्या रुग्णालयात मेला. निरोप आला, माणूस आला नाही. ना देह, ना राख. पुढे बाजारात तिच्या कानी आले की डॉक्टरांच्या पेटीत हैद्राबादेत मेलेल्या एका पुरुषाची हाडे आहेत. ती दिराला घेऊन दवाखान्यात आली आणि आपला नवरा मागू लागली. डॉक्टरांनी तिला हाकलले नाही. त्याच्या अंगावर काही खूण होती का, असे विचारले. लहानपणी गाडीच्या चाकाखाली जाऊन त्याची नडगी मोडली होती, असे तिने सांगितले. डॉक्टरांनी ओट्यावर धोतर अंथरले, दोन्ही नडग्या त्यावर ठेवल्या आणि तिचे बोट धरून वरपासून खालपर्यंत फिरवले. दोन्ही गुळगुळीत होत्या. "मोडलेलं हाड जुळतं, बाई, पण विसरत न्हाई. हा तुझा माणूस न्हाई." दिराला वाटले, धंद्याचे हाड हातचे जाऊ नये म्हणून डॉक्टर खोटे बोलतो. त्याने काठी उगारली. ती डॉक्टरांच्या डाव्या हासळीवर बसली.

पोलिसांचा अमीन चौकशीला आला, तेव्हा घोड्यावरून पडलो असे डॉक्टरांनी सांगितले. विनायकरावांचा घोडा तो हाच. डॉक्टरांकडे घोडा कधीच नव्हता, एक छकडा होता. हात गळ्यात बांधून स्वस्थ बसायचे सोडून ते दुसऱ्याच दिवशी रोग्यांचे फोड कापायला बसले, म्हणून हाड गाठ धरून जुळले.

हाड अजून जुळत असतानाच गिरजाबाई एकटी परत आली. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितले, की हा तुझा नव्हे. ती म्हणाली, मला पटले आहे. आणि मग ती जे बोलली ते तिने नदीकाठी मला पुन्हा बोलून दाखवले. तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे. "माझा न्हाई, पर कुनाचा तरी असंल ना? त्याची बायकू बी कुठं वाट पाहून राहिली असंल. मला द्या. मी ह्याला सोडते. तिकडं माझ्यावाल्याला कुनी तरी सोडील."

गफूरभाई म्हणाला, डॉक्टर तसेच उठले. मग पेटीशी जाऊन त्यांनी स्वतःचे नाव, बापाचे नाव, गाव सांगितले आणि डावी हासळी काढून तिच्या पदरात घातली. "हे द्यायला मला तकलीफ न्हाई," म्हणाले. "पोराइला दाखवाया हे माझ्याजवळ दुसरं हाय." टोकापासून टोकापर्यंत कातडीखालून हाताला लागते असे ते हाड, तेच त्यांनी निवडून दिले. गिरजाबाईने ते नरसी गावाखालच्या डोहात सोडले. मेलेल्याचे नाव ठाऊक नव्हते, म्हणून नवऱ्याचेच नाव घेतले. "चाललं असंल ना, दादा?" असे तिने मला विचारले. मी वैद्यकाचा विद्यार्थी होतो. याचे उत्तर मला कुणी शिकवलेले नव्हते.

पेटीतले हाड आपणच हरवले ही वदंता गफूरभाईने स्वतः पसरवली होती. हाड जादूटोण्याला विकले असा बोभाटा डॉक्टरांवर येऊ नये म्हणून. त्या माणसाला हलगर्जी म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्या कबरीपाशी जाऊन आपले पूर्ण नाव सांगावे.

गाठ मी गिरजाबाईला दिली. जिथे ते हाड सोडले, तिथेच हे सोडीन, असे ती म्हणाली. आमच्या घरच्या काठीने झालेली गाठ आमच्याच हाताने सुटावी, असेही म्हणाली. दीर जिवंत आहे तोवर हे कुठे बोलू नका, एवढा शब्द तिने आमच्याकडून घेतला. तो मी पाळला. चोर म्हणवून घेतले, पण पाळला. आता दीर नाही, गिरजाबाई नाही, गफूरभाई नाही. विनायकराव आणि मी उरलो आहोत, आणि आमच्यातला एकच जण त्या दिवशी नदीवर होता.

पेटी माझ्याकडे आहे. डाव्या हासळीची जागा मी रिकामी ठेवली आहे. मुंबईहून प्लास्टरची हासळी मागवून देतो असे पुष्कळांनी म्हटले, मी नको म्हटले. माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाने आधी नाव सांगितले आणि मग माझ्या गळ्याखाली बोट ठेवले. माझे हाड गुळगुळीत आहे, त्यावर गाठ नाही. मुले सहज खांद्यापर्यंत पोचत. अडखळलो तो मीच. साऱ्या हयातीत कुणाही रोग्याच्या हासळीवरून बोट फिरवताना ते त्या वळणावर आपोआप थांबले आहे. तेथे काही नसते. मी थोडा थांबतो, आणि मग विचारतो, "बाबा, कुठं काही मोडलं होतं का कधी?"