चकती लावलेली तारली

समजा, तुमच्या मुठीत वीतभर तारली मासळी तडफडते आहे. तिची लांबी मोजायची, पाठीला नंबराची चकती अडकवायची आणि जीव जायच्या आत तिला समुद्रात सोडायचं. मग ती कुठे सापडली हे कोणी कळवेल, म्हणून वाट बघायची. मासे कुठून कुठे जातात, ते असं समजतं.

१९७१ साली अशी एक चकती समुद्रापासून लांब, थेट राहात्याच्या बाजारात निघाली, विमलबाईंच्या खारवलेल्या माशांत. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच सुके मासे विकत. शेजारच्या मास्तरांनी चकतीवरच्या मत्स्य संशोधन केंद्राच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. महिन्याने विमलबाईंच्या नावाने उत्तर आलं. जन्मातलं पहिलं पत्र. त्यात लिहिलं होतं, मासा कुठे आणि कधी पकडला ते कळवा, त्याशिवाय नोंद धरता येणार नाही.

विमलबाई घाऊक व्यापाऱ्याकडे गेल्या. "रंभाजीशेठ, ह्यो मासा कुठं धरला आसंल?"

"एका गोणीत चार बंदरांचं मासं आसत्यात, मावशे," रंभाजी हसला. "त्याची सोयरीक जुळवायचीय का काय?"

संध्याकाळी मास्तर कार्ड घेऊन बसले. ठाऊक नाही म्हटलं, तर पुन्हा पत्र यायचं नाही, हे विमलबाईंना कळत होतं.

"ठावं न्हाई, आसंच लिवा," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आन् येवढं इचारा. चकती लावून सोडलेली तारली परत आपल्या थव्यात मिसळती, का एकलीच फिरती?"