लग्नापुरतं पुणं

मी नोकरीसाठी पुण्याला गेलो, असं गावात सांगतात. साफ खोटं आहे. मी गेलो लग्नासाठी. नोकरी मधे आली, तिला माझा इलाज नव्हता.

जळकोटला आमचं विहिरीचं रान आहे, गोठ्यात म्हशी आहेत, डेअरीला दूध जातं. स्थळं यायची, पोहे खायची, विहिरीत डोकावून पाणी बघायची, आणि शेवटी विचारायची, "पोरगा कुठं असतो?" आण्णा, म्हणजे माझे वडील, छाती फुगवून सांगायचे, "हितंच असतो की! समदं त्योच बघतो." झालं! पाहुण्यांना लगेच एसटीची वेळ आठवायची. पोरगा घरी असतो म्हणजे त्याच्यात काहीतरी खोट असणार, असा आमच्याकडं आता कायदाच झालाय.

माझा एक वर्गमित्र पुण्यात एका गोदामात खोक्यांना चिकटपट्टी लावायचा. त्याचं लग्न चुटकीसरशी जमलं. ते ऐकून आण्णांचं जेवण कमी झालं. एका सकाळी धार काढता काढता मला म्हणाले, "तू बी चार दिस खोकी चिकटव की. लगीन झालं की ये माघारी. म्हशी तोवर म्या बघतो." अशी माझी पुण्याला रवानगी झाली. आई तर एसटी सुटेपर्यंत रडत होती. म्हटलं, आई, मी काय सीमेवर चाललोय का?

खोलीवर सगळी आमच्याच भागातली पोरं होती आणि बहुतेकांचं दुखणं तेच होतं. गावात यांच्या हाताखाली गडी राबायचे, इथं हे सुपरवायझरच्या शिव्या खायचे. पण फोनवर रुबाब असा, की ऐकणाऱ्याला वाटावं कंपनी हेच चालवतात. आणि खरं सांगतो, इलाज लागू पडला. महिनाभरात माकणीकडचं स्थळ आलं. मुलगी बारावी झालेली, वडील शेतकरी. त्यांनी निरोप धाडला, की मुलाची पुण्यातली खोली बघायची आहे, मुलीलाही आणतोय.

मग काय, खोलीची गावाकडची कळा घालवायला सगळे कामाला लागलो. दोरीवरचे टॉवेल गेले, भिंतीवरची खताच्या कंपनीची दिनदर्शिका गेली, तवा-परात खाटेखाली सरकवली आणि घरून आलेलं ज्वारीचं पोतं चौघांनी मिळून गच्चीवर नेऊन झाकलं. वरच्या मजल्यावरून टीपॉय आणला. त्यावर बिस्किटं मांडली. पोरं मला एकट्याला ठेवून चौकात जाऊन बसली.

पाहुणे आले. मुलीच्या वडिलांनी फरशी बघितली, नळ सोडून बघितला, संडासात डोकावले, मान डोलावली. मग म्हणाले, "समदं ब्येस हाय. पर ज्वारी दिसंना कुठं?"

मी ऐटीत म्हणालो, "इथं आम्ही ब्रेडच खातो."

त्यांचा चेहरा पडला. सोबतच्या मेहुण्याच्या कानाला लागले, पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं: "घरची ज्वारी न्हाय? ह्येला रान तरी हाय का, का नुस्ती थाप?" मला घाम फुटला. माझे आई! यांना जावई पुण्यात पाहिजे, पण भाकरी घरच्या ज्वारीची पाहिजे. रान पाहिजे, फक्त त्यात जावयानं पाय ठेवायचा नाही. मी चौकातल्या पोरांना फोन लावला. पोरं धापा टाकत आली आणि पोतं पुन्हा खाली आणून पाहुण्यांच्या पुढ्यात टेकवलं. त्यांनी मूठभर ज्वारी हातात घेतली, दाणा दाताखाली फोडला आणि म्हणाले, "मालदांडी हाय, घरचीच ज्वारी! आता पोरा-पोरीला बोलू द्या."

गच्चीवर आम्ही दोघंच. ती कठड्याला धरून समोरच्या इमारती बघत होती. मला वाटलं, इतकं नाटक झालं, निदान हिच्याशी तरी खरं बोलावं. म्हणालो, "एक सांगतो. मला इथं राहायचं नाही. लग्न झालं की मी परत गावाला जाणार." आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

ती म्हणाली, "मग म्या कशी येणार पुण्याला?"

मी म्हणालो, "तुम्हाला पुण्याचं एवढं काय वेड?"

"वेड न्हाय. नर्सिंग शिकायचंय. घरचे म्हणतेत, लगीन करून जा कुठं बी." मग माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाली, "तुमाला पुण्याला यायला एक बॅग लागली. मला नवरा लागतोय."

शहरातला नवरा मागणाऱ्या पोरींना खोलीवर आम्ही किती नावं ठेवली असतील! आता लाज वाटली. म्हणालो, "थांबा, विचार करू." पण ती जिना उतरायला लागली होती.

खाली तिच्या वडिलांनी विचारलं, "काय गं, पसंत हाय न्हवं?" तिनं मान हलवून नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही. माझं बिंग फोडलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. तोंड उघडायची पाळी माझी होती. मी ज्वारी सांडलेली फरशी बघत राहिलो.

वडील चिडले. "लई झालं तुजं! आता जवळचाच बघतो एखादा, गावातला." ती चपला घालत होती. तिचा हात क्षणभर थांबला, मग तिनं पट्टा लावला आणि सगळ्यांच्या मागून निघून गेली.

पुढच्या आठवड्यात मी नोकरी सोडली आणि गावाकडं आलो. आण्णांनी आधी दोन शब्द सुनावले, मग दुधाची कॅन हातात दिली. का गेलास आणि का आलास, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.