झेंडूचा हार आणि सोळा कोअर

शीर्षक वाचून वाटलं ना, पोरगा आता पूजेबिजेचं सांगणार? नाय. ही माझ्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरची गोष्ट हाय. सोळा कोअरचा! भातलावणीला एका खाचरात सोळा माणसं उतरावीत, तसं काम वाटून घेतो. गेमसाठी घेतला असेल म्हणाल, तर तेही अर्धंच खरं.

बाबांना मात्र ते पूर्ण खरं वाटायचं. ते बिरवाडीजवळच्या कंपनीत कामाला. त्यांचा आवाज मी हुबेहूब काढतो, पण कागदावर काय उपयोग!

"उमरठला आत्याच्या पोरीचं लग्न हाय. संध्याकाळी पाठवणीच्या आत तुझ्या त्या डब्यावर लग्नाचा व्हिडिओ बनवून मांडवात दाखव. नाय जमलं तर सोमवारपासून माझ्यासंगं कंपनीत!"

डबा गोधडीत गुंडाळून उमरठला नेला. दुपारी लग्न लागलं, ते सगळं मी मोबाईलवर टिपलं. आत्याच्या माजघरात बसून भराभर कापाकापी केली, सगळे तुकडे जोडून पूर्ण व्हिडिओ तयार व्हायला लावला. स्क्रीनवर आलं, बारा मिनिटं. मी निवांत मांडवात जाऊन जिलेबी हाणली.

परत येऊन बघतो तर अजून एक तास दहा मिनिटं बाकी! पंखा आंबेनळी घाट चढणाऱ्या एसटीसारखा कण्हत होता. प्रोसेसर भयंकर तापलेला, आणि तापला की तो जीव वाचवायला हळू चालतो. डब्याकडे बघून कपाळावर हात मारला. आत्याने नवी गाडी पुजतात तसा तो पुजला होता. वर कुंकू, आणि हवा आत घेणाऱ्या जाळीवर झेंडूचा हा एवढा गच्च हार.

"आत्ये, ह्याचा जीव गुदमरतोय गो!"

"अरे, घरात नवी वस्तू आली, हार नको घालायला?"

हार काढून आत्याच्याच गळ्यात घातला. पंख्याने श्वास घेतला, आकडे धडाधड उतरले. बाहेर नवरीच्या गाडीने हॉर्न मारला, तेवढ्यात व्हिडिओ तयार!

मांडवात शिट्ट्या. "परत लाव रे!" म्हणून तीनदा लावला. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीमागे उभा मामा, म्हणजे आमचे बाबा, उपरण्याने डोळे पुसताना दिसले आणि अख्ख्या मांडवाने हंबरडा फोडला.

बाबांनी मला कान धरून मांडवामागे नेलं.

"गाढवा, नवरानवरी सोडून माझं रडणं दाखवतोस? एवढ्या पाव्हण्यांसमोर? सोमवारी कंपनीच्या गेटवर दिसलास तर तंगडं मोडीन! तिथं तरी माझी थोडी इज्जत शिल्लक हाय!"