साडूभाऊंचे बेकायदा डाव

कोल्हापुरात कुस्ती हरलेली माणसं गल्लीगणिक सापडतील. पण आयुष्यात एकदाही चीत न होता झाडून सगळ्या कुस्त्या गमावलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. हे गृहस्थ कोर्टात बेलीफ होते. दिवसभर लोकांच्या दारात उभं राहून ते कायद्याची अंमलबजावणी करत, आणि संध्याकाळी तालमीत गेले की कायद्याला धरून एकही डाव त्यांना जमत नसे. दोष तसा त्यांचा नव्हता. ऐन उमेदीत त्यांची उठबस गल्लीतल्या एका हाड बसवणाऱ्या चाचांकडे होती. निखळलेले खांदे आणि सरकलेली मनगटं घेऊन माणसं येत. चाचा सांधा जागेवर आणत आणि साडूभाऊ त्या माणसाला दाबून धरत. सांधा कुठवर वळतो हे एकदा कळलं, की त्याच्या पुढं तो कसा न्यायचा हेही कळतंच. साडूभाऊंना हे पुढचंच ज्ञान गोड लागलं.

मातीतल्या कुस्तीत समोरच्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकवायचे असतात, बाकी काही नाही. साडूभाऊंना खांद्यांशी देणंघेणं नसे. समोरच्याचा हात तावडीत आला की त्यांचे डोळे किलकिले होत, आणि देवानं कोपराला जी दिशा दिली आहे तिच्या उलट दिशेला ते निघत. हातकणंगल्याच्या एका मैदानात त्यांनी असं काही कोपर धरलं की समोरचा गडी हलगीच्या वरताण ओरडला. पंचांनी शिट्टी मारून त्यांना बाहेर काढलं. कोर्टाचा माणूस तो, त्यांनी तिथल्या तिथं विचारलं, "कोपर धरायचं न्हाय असं कुठं लिवलंय, दावा की." पंच म्हातारे होते. ते शांतपणे म्हणाले, "लिवायचं कशाला? त्यो बोंबलतोय त्ये ऐका." पुढं एका उरुसात बोटं पिरगाळली म्हणून त्यांना काढलं, एका जत्रेत गळा आवळला म्हणून. त्यांच्याशी लढलेला गडी उताणा पडे तो डॉक्टरांच्या टेबलावर, आखाड्यात कधीच नाही.

माझी त्यांची पहिली भेट माझ्या लग्नात झाली. कानपिळीच्या वेळी बायकोच्या भावानं माझा कान जरा मनापासूनच पिळला, तेव्हा हे मागून माझ्या दुसऱ्या कानाशी येऊन म्हणाले, "बघा पावणं, कान पिळला तर आहेर मिळतोय, बोट पिळलं की हाकलून देत्यात. न्याय हाय का ह्यो?" मी शाळेत गणित शिकवणारा साधा मास्तर, मी नुसती मान डोलावली. त्यानंतर मी त्यांचा आवडता झालो, म्हणजे माझा उजवा हात झाला. मेव्हणीनं त्यांना घरातल्या कुणावरही डाव दाखवायला सक्त मनाई केली होती. पण मी घरातला की बाहेरचा, हा मुद्दा त्यांनी कायम मोघम ठेवला. शाहूपुरीतल्या त्यांच्या घरी चहाला गेलो की कप खाली ठेवायच्या आत माझं मनगट त्यांच्या हातात असे. दुखलं की सांगा म्हणत, आणि सांगितलं की अजून दुखायचं नाही असं समजावत. रस्त्यानं जाताना ओळखीचे लोक त्यांना लांबूनच नमस्कार करत. हात पुढं करणारा हमखास परगावचा असे.

आणीबाणी उठल्यावर एकदोन वर्षांत आमच्याकडे ज्युदोचं शिबिर भरलं. बाहेरगावचे एक शिक्षक आले होते. बुटके, चष्मेवाले आणि फार मृदू बोलणारे. मीच पेपरात वाचून साडूभाऊंना सांगितलं, तेव्हा ते चाळिशी ओलांडून गेले होते. दोघं मिळून बघायला गेलो. शिक्षक सांगत होते, की या खेळात समोरच्याला हार मानायला लावता येते. त्यासाठी कोपराला पेच घालायला परवानगी आहे, अंगातल्या जाड कोटाच्या गळपट्टीनं गळा आवळायलाही आहे. साडूभाऊंनी माझा दंड घट्ट धरला. बोटं चालत नाहीत, मनगट नाही, गुडघा तर मुळीच नाही, असंही शिक्षक पुढं म्हणाले. साडूभाऊंनी उभं राहून निदान एका तरी गुडघ्याची मुभा मिळते का, याची चौकशी केली, मिळाली नाही. पण त्यांना सर्वांत भावली ती एक गोष्ट. असह्य झालं की समोरचा दोनदा थाप मारतो आणि आपण सोडायचं. "बोंबलायचं कामच न्हाय बघा," वाटेत ते मला म्हणाले. "सभ्य लोकांचा खेळ हाय." घरी जाताना त्यांनी पेढे घेतले. काय झालं म्हणून मेव्हणीनं विचारलं, तर म्हणाले, "कोपर पास झालं."

पंधरा दिवस ते कोर्ट सुटल्यावर शिबिराला गेले. शेवटच्या दिवशी लढती ठेवल्या होत्या. साडूभाऊंच्या वाट्याला कॉलेजातला एक चपळ तरुण आला. पांढरा कोट साडूभाऊंना पोटावर पुरत नव्हता, पण चेहऱ्यावर एखादा हुकूम बजावायला निघाल्याचं तेज होतं. मेव्हणी पहिल्यांदाच त्यांची लढत बघायला आली होती. दोघं झोंबत खाली आले, आणि बघता बघता त्या तरुणाचा हात साडूभाऊंच्या तावडीत सापडला. डोळे किलकिले झाले. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा ते कोपर कायदेशीर होतं.

आणि साडूभाऊंनी ते सोडून दिलं. हात सोडून त्यांनी त्या तरुणाच्या बगलेत मान घातली, त्याला अलगद पालथ्याचा उताणा केला, छातीनं दाबला, आणि ताडकन उठून, दोन्ही हात वर करून प्रेक्षकांना सलामी दिली. ज्युदोत नुसतं उताणं पाडून भागत नाही, अर्धा मिनिट दाबून ठेवावं लागतं, हे पंधरा दिवस त्यांना सांगितलं होतं. तो तरुण उठला, मागून त्यांची गळपट्टी धरली आणि नियमात बसेल असा त्यांचा गळा आवळला. साडूभाऊ गुडघ्यावर आले, लाल झाले, हात वरचा खाली आला, आणि त्यांनी गादीवर दोनदा थाप मारली. शिक्षकांनी तरुणाचा हात वर केला. साडूभाऊंनी पाठ थोपटून त्याला शाबासकी दिली आणि गळपट्टी नेमकी कशी धरली ते पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं.

परतताना मेव्हणी पुढं चालत होती, आम्ही दोघं सायकली हातात धरून मागं. मी विचारलं, कोपर हातात आलं होतं, मग सोडलंत का?

"पोरगं चांगलं हुतं ओ," ते म्हणाले. "आणि ही बघत हुती." थोडं चालल्यावर ते थांबले. "पावणं, मातीत असतो तर ती कुस्ती माझी हुती न्हवं? दोनी खांदं टेकलं हुतं. तुमी बघितलासा की."

मी बसलो होतो तिथून मला एकच खांदा दिसत होता. दुसरा साडूभाऊंच्या पाठीआड होता.

"दोन्ही टेकले होते," मी म्हणालो.

त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक कार्यात ते ही कुस्ती सांगत आणि साक्षीला मला उभं करत. आपण हरलो हेही सांगत, पण ते घाईघाईनं. माझ्या हाताला मात्र त्यांनी पुन्हा कधी पेच घातला नाही. मीच एकदोनदा आपणहून मनगट पुढं केलं, तर तळहातावर त्यांनी सुपारी ठेवली. शेवटच्या आजारात दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा आवाज पार बसला होता. नाडी बघायला आलेल्या तरुण डॉक्टरांना त्यांनी खुणेनं थांबवलं आणि मला ती कुस्ती सांगायला लावली. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. डॉक्टर कोल्हापूरचेच, त्यांनी नेमकं विचारलं, "दोन्ही खांदे टेकले होते?"

साडूभाऊ माझ्याकडे बघत होते.

"दोन्ही," मी म्हणालो.