क्वाबेनाच्या नावाने लिहिलेलं पत्र

पत्र लिहावं तर बेटीनेच, असं वसईत शाळेपासून सगळे म्हणत आले आणि मी ते खरं मानलं. दुबईत एका ऑफिसात सेक्रेटरी झाले तेव्हा तर मान आणखीच ताठ झाली. त्या गर्वाचं पुढे काय झालं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते.

क्वाबेना घानाचा. दुबईतल्याच अल क्वोज भागातल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होता. १९९६ साली क्रेनवरून सुटलेला लोखंडी बीम त्याच्या डाव्या पायावर पडला आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कंपनीने त्याला कामगारांच्या कॅम्पात एक खाट दिली आणि दीड वर्षं त्याला विसरून गेली. वर्कशॉपमधले आपले लोक त्याला 'कालिया लंगडा' म्हणायचे. दोन शब्दांत माणूस संपवायला आपल्याला छान जमतं. मी तरी कुठली वेगळी! घरी एकदा 'तो काळा आज भेटला' असं सहज बोलून गेले, तर माझा आठ वर्षांचा डॅरिल जेवता जेवता म्हणाला, "ममा, ही हॅज अ नेम." 

शुक्रवारी तिथे सुट्टी; त्या दिवशीच्या मिस्सानंतर क्वाबेना चर्चच्या आवारात कुबड्या भिंतीला टेकवून बसायचा. त्याच्याभोवती पाच-सहा जण जमत. सगळे आफ्रिकेतले, सगळे इथे काम करताना मोडलेले. कुणाचा हात मशीनमध्ये गेलेला, कुणाचा डोळा. इथिओपियाची त्सिगे मालकिणीच्या खिडक्या पुसताना दुसऱ्या मजल्यावरून पडली होती. हे लोक कुठल्या ऑफिसात एकटे गेले तर खिडकीवरचा माणूस वर बघायचासुद्धा नाही. मी पाहिलंय ना: मागे उभा असलेला गोरा आधी, मग आम्ही, मग वेळ उरला तर ते. म्हणून क्वाबेना प्रत्येकासोबत जायचा, कुबड्यांवर, दोन बस बदलून. तो भांडायचा नाही, पण काम होईपर्यंत तिथून हलायचाही नाही. त्सिगेला वॉकर मिळाला तो त्याच्या या चिवटपणामुळे.

पत्रं मी लिहायची. त्याचा एकच हट्ट असे. "सिस्टर बेटी, आधी लिही तिला काय येतं. त्सिगेला शिवण येतं, तीन भाषा येतात. मग लिही तिला काय हवंय. रडायचं नाही." मला वाटायचं, कसलं कोरडं पत्र हे! पण लिहून द्यायचे.

१९९८ मध्ये त्याची स्वतःचीच पाळी आली. कंपनीने त्याचा व्हिसा रद्द करायला घेतला. शारजातल्या एका दुकानदाराला हत्यारांचं स्टोअर सांभाळायला माणूस हवा होता, बसून करायचं काम. क्वाबेनाला तो घ्यायला तयार होता. फक्त नोकरी बदलायची सरकारी परवानगी हवी होती, आणि त्यासाठी अरबीत अर्ज. "नेहमीसारखाच लिही," क्वाबेना म्हणाला.

मी नेहमीसारखा लिहिला नाही. हा गेला तर या सगळ्यांना कोण, या घोराने माझा जीव अर्धा झाला होता. मनाने घेतलं की साहेबाचं काळीज हलायला हवं. टायपिंग सेंटरवर बदरुद्दीनला मी सांगत गेले, तो अरबीत टाइप करत गेला: हा गरीब अपंग, याला जगात कुणी नाही, याच्याने उभंही राहवत नाही, दया करा. नोकरीची विनंती अगदी शेवटी. बदरुद्दीनचेच डोळे भरून आले. "मॅडम, क्या लिखवाया है! साहब पिघल जाएगा, इन्शाल्ला."

क्वाबेनाला अरबी वाचता येत नव्हतं. माझ्यावर विश्वास ठेवून त्याने खाली सही केली.

साहेब खरंच पाघळले. आठ दिवसांनी आम्हाला बोलावलं. अधिकारी वयस्क, सभ्य माणूस. त्याने क्वाबेनाला खुर्ची दिली, चहा मागवला आणि पत्र स्वतः इंग्रजीत वाचून दाखवलं. मग म्हणाला, "ज्याच्याने उभं राहवत नाही त्याला कामाला लावणं हराम आहे. मी कंपनीला फोन केलाय. रविवारचं तिकीट काढतील. खलास. आता आपल्या देशात जा, आराम कर."

मी ओरडले. पत्र माझं आहे, खोटं आहे, याला सगळं काम येतं, असं दहा वेळा सांगितलं. अधिकारी माझ्याकडे कळवळ्याने बघत राहिला. कागदावर सही क्वाबेनाची होती.

क्वाबेना चहाला शिवला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "वर्कशॉपमधले लोक मला जे म्हणतात ना सिस्टर, ते निदान माझ्या तोंडावर म्हणतात."

रविवारी तो गेला. मी एअरपोर्टवर गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार होते?

पुढच्या शुक्रवारी आवारात एकटी त्सिगे आली. मालकीण तिलाही परत पाठवणार होती, एका महिन्यात. मी तिच्याजवळ बसले, पर्समधून वही काढली. "यल्ला, चल त्सिगे, टेल मी," मी म्हटलं. "तू सांगशील तेच लिहीन. माझा एक शब्द घालणार नाही."

तिने वही मिटली, माझ्या मांडीवर ठेवली आणि वॉकर धरून उठली.

"नो लेटर, मॅडम," ती म्हणाली. "प्लीज. नो लेटर."