मच्छाची दश्शी

आमच्या आत्याकडे बायका पानं बघायला येत. पानं म्हणजे गंजिफा. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी रंगवलेल्या, पुरीएवढ्या वाटोळ्या. विष्णूचे दहा अवतार, एकेकाची बारा पानं, म्हणजे एकूण सहा विसा. आत्याला दिली होती वाडीला. नवरा गेल्यावर ती रत्नागिरीला माझ्या वडिलांकडे परत आली ती एक ट्रंक आणि ही पानांची पेटी घेऊन. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे मला वाढवलं ते आत्यानंच.

गंजिफा खेळायला तीन माणसं लागतात. आमच्या घरी तिसरं माणूस म्हणजे वडील, आणि ते पत्त्यांना हात लावायचे नाहीत. मग आत्या नुसती पानं मांडून बघत बसे, आणि बघता बघता सांगायला लागली. हरवलेली म्हैस, पोराची परीक्षा, मुलीचं स्थळ असं काहीही बायका विचारत. दुखण्याचं कोणी विचारलं की मात्र ती पेटी मिटून वैद्याकडे पाठवी. वडील कचेरीतून येता येता ओटीवरच्या चपला मोजत आणि म्हणत, देवाने दहा अवतार घेतले ते आमच्या आळीतल्या म्हशी शोधायला. आत्या ऐकून न ऐकल्यासारखं करी.

मी सोळा-सतरा वर्षांची असताना आत्याच्या पेटीला वाळवी लागली आणि कृष्णाची चार पानं गेली. त्याच वर्षी वाडीचा एक चितारी पेट्या घेऊन आमच्याकडे उतरला. नवी पेटी मी निवडायची आणि ती माझीच असायची, असं आत्यानं ठरवून टाकलं. मी अर्थातच सोनेरी काठाच्या दरबारी पानांवर झडप घातली. आत्यानं ती माझ्या हातून काढून घेतली नाही. एवढंच म्हणाली की प्रत्येक पेटीतले राजे पुढे मांड आणि कोण काय करतोय ते मला सांग. सोनेरी पेटीतले दहाच्या दहा राजे खटला लांबवणाऱ्या वकिलांसारखे मख्ख बसले होते. शेवटची एक साधी पेटी होती, काठ नाही की काही नाही. तिच्यातल्या मच्छाचे डोळे कोणी मागून हाक मारल्यासारखे वटारलेले, आणि नरसिंह तर हसू दाबतोय की काय असं वाटत होतं. मी तीच घेतली. चिताऱ्याचं तोंड जरा उतरलं, कारण ती त्याच्या हाताखालच्या माणसानं रंगवलेली होती.

मग शिकणं सुरू झालं. मला वाटलं होतं, आत्या एकेका पानाचा अर्थ सांगेल आणि मी पाढ्यांसारखा पाठ करीन. मी वही शिवली, रेघा मारल्या, दहा मथळे घातले. आत्यानं ती वही बंबात घातली. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही, आणि मला राग आला की मी जेवतही नसे. तरी तिला काही फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं माझ्यासमोर एक पान टाकलं आणि काय दिसतं ते विचारलं. मी म्हणाले, कासव. ती म्हणाली, ते म्हशीलाही दिसेल. असं रोज चाललं. हळूहळू मला दिसायला लागलं की एक कासव पाण्यात शिरतंय आणि दुसरं बाहेर येतंय, परशुरामाच्या कुऱ्हाडी कधी रागावलेल्या दिसतात तर कधी कोपऱ्यात ठेवून दिलेल्या. जे मनात येईल ते बेधडक बोलायचं, मागून दुरुस्त करायचं नाही, एवढाच तिचा नियम. मला ते फार आवडायचं. घरात एरवी मुलीनं बेधडक बोलण्याची सोय नव्हती.

आमच्या शेजारच्या वहिनी तेव्हा विशीच्या आत-बाहेर असतील. नवरा मुंबईला छापखान्यात खिळे जुळवायच्या कामावर, खाणावळीत जेवायचा आणि वर्षातून एकदा गणपतीला यायचा. त्याला चाळीत खोली मिळून दोन वर्षं झाली होती, आणि दर पत्रात तो वहिनींना पाठवा म्हणून लिहीत होता. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांना कामाची सून सोडवत नव्हती. आधी आंब्याचं उरकू दे, मग नणंदेचं बाळंतपण होऊ दे, मग पाऊस सरू दे. त्या वर्षी मे महिना संपत आला. पावसाळ्यात आगबोटी बंद, आणि शेवटची बोट परवावर आलेली. ती चुकली की पुन्हा नारळी पुनव उलटेपर्यंत नाव नको. वहिनींनी कधी नव्हे ते तोंड उघडलं, तेव्हा सासूबाईंनी सांगितलं की जा, पान बघून ये. पान जा म्हणालं तर माझी ना नाही. आत्याच्या पानांवर त्यांचा देवाच्या कौलाइतका विश्वास होता.

आत्या नेमकी हेदवीला दशभुजा गणपतीच्या दर्शनाला गेलेली. वहिनी दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तुम्हीच बघा. नाही म्हणायची माझी तयारी नव्हती. पाट मांडला, पानं पिसली. वहिनींनी पान उचललं. मच्छाची दश्शी. तांबड्या जमिनीवर दहा मासे, पाच वर, पाच खाली, सगळ्यांची तोंडं एकीकडे.

"वहिनी, जा," मी म्हणाले. "हे सगळे निघालेत बघा. एवढी सोबत असल्यावर कोणी वाट चुकतं का?"

वहिनी पानाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "नक्की जाऊ म्हणता?" मी म्हटलं, जा. तिसऱ्या दिवशी त्या बंदरावरून आगबोटीकडे नेणाऱ्या पडावात बसल्या. मी हात हलवत होते आणि माझ्यासारखी शहाणी मीच, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. मी सगळं रंगवून सांगितलं. कुठलं पान आलं होतं ते ऐकून ती पाय धुता धुता थांबली.

"अगो, पहिल्या पाच अवतारांत चढण उलटी असते," ती म्हणाली. "राजा, प्रधान, मग एक्का मोठा. दश्शी सगळ्यांत हलकी. तिच्याखाली काही नाही."

मी म्हणाले, तूच ना चित्र बघ म्हणालीस.

"चित्र बघ म्हटलं. खेळ विसर म्हटलं नव्हतं."

मग तिलाच आठवलं की खेळ तिनं मला शिकवलाच नव्हता, आणि तिनं उरलेला तांब्या पायांवर ओतला. ती रागावली नाही, तेच मला जास्त लागलं. पाऊस लागला, बोटी बंद झाल्या, घाटावरून येणारं टपाल दिवसचे दिवस अडकायला लागलं. मला अन्न गोड लागेना. बोट पोचली असेल ना, खोली खरंच असेल ना, नवऱ्याचं मन ठिकाणावर असेल ना, अशा शंका रोज नवीन. पेटीला मी हात लावला नाही. आषाढात शेजारी एक कार्ड आलं. सासूबाईंनीच ते कुंपणाशी येऊन वाचायला दिलं: सुखरूप आहे, खोली लहान आहे, पाणी वरच्या मजल्यावर सकाळी दोन तास येतं. मी ते कार्ड चारदा वाचलं. सासूबाई म्हणाल्या, पान बरोबर बोललं हो. मी मान खाली घातली.

गणपतीला दोघं आली. वहिनी चांगल्या भरल्या होत्या आणि मोठ्यानं हसत होत्या. त्यांचं हसणं मी तोवर ऐकलंच नव्हतं. मला राहवेना. त्यांना मागच्या पडवीत गाठून मी सगळं कबूल केलं: ते पान हलकं होतं, मी चुकले, नुसते मासे बघून बोलले.

"मला तेव्हाच कळलं होतं, वन्सं," त्या म्हणाल्या. "माहेरी आम्ही सगळी खेळतो. माझं माहेर बांद्याचं ना, वाडीजवळचं."

"मग बोलला का नाहीत?"

"दोन वर्षांत मला जा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या. मी कशाला चूक काढू?"

मला इतकं बरं वाटलं की मी हसायला लागले. त्या हसण्याच्या भरातच विचारून बसले, आणि मी थांबा म्हटलं असतं तर?

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला.

"तर थांबले असते," त्या म्हणाल्या.